गाडी चोरता न येणारा गुन्हेगारी गेम

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांची गुन्हेगारी गेमशी पहिली ओळख सायबर कॅफेत झाली. वीस रुपये तास. शेजारच्या मशीनवर कुणीतरी काउंटर स्ट्राइक खेळताना ओरडतोय आणि आपण ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणजे जीटीए मालिकेतल्या ‘व्हाइस सिटी’त. मिशन वगैरे फारसं कुणी करत नसे. गाडी चोरायची, फुटपाथवर घालायची, पोलीस मागे लागले की चीटकोड टाकून रणगाडा मागवायचा, आणि काउंटरवरचा दादा ‘टाइम झाला’ म्हणाला की उठायचं.

ही सवय हाताला लागलेला माणूस ‘याकुझा झीरो’ (याकुझा म्हणजे जपानी टोळीवाले) सुरू करतो तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच गोंधळतो. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की हा ‘जपानी जीटीए’ आहे. तो रस्त्यावर उभ्या गाडीचं दार उघडायला जातो, उघडत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला बुक्की घालायला बघतो, जमत नाही. शहराच्या टोकापर्यंत पळत सुटतो, तर दोन-तीन मिनिटांत शहरच संपतं. आणि मध्येच सुटाबुटातले गंभीर चेहऱ्याचे लोक बोलायला लागतात, ते बोलतच राहतात.

इथे बरेच जण गेम बंद करतात. मीही पहिल्यांदा केला होता. वर्षभराने परत उघडला, तेव्हा जीटीए डोक्यातून काढून टाकला आणि मग लक्षात आलं की या गेमचं बलस्थान आणि त्याची खोट या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून येतात. ते ठिकाण म्हणजे त्याचा एवढासा मॅप.

आधी ‘ओपन-वर्ल्ड’ म्हणजे काय ते बघू. ठरावीक लेव्हलच्या बोगद्यातून तुम्हाला ढकलत न्यायचं नाही, एक अखंड जागा द्यायची. तिच्यात कधी कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि कथा कुठल्यातरी कोपऱ्यावर तुमची वाट बघत थांबणार. व्याख्या संपली. ती जागा किती मोठी असावी याबद्दल व्याख्येत एक शब्द नाही. पण पाश्चात्त्य गेममध्ये मॅप मोठा म्हणजे गेम मोठा असं समीकरण बसलं. मॅप मोठा झाला की चालून भागत नाही, गाडी लागते. गाडी आली की रस्ते लागतात. रस्ते आले की पाठलाग आणि पोलीस आलेच. जीटीएचा सगळा स्वभाव या गाडीतून आलेला आहे.

सेगा या जपानी गेम कंपनीच्या तोशिहिरो नागोशी आणि त्यांच्या टीमने डिसेंबर २००५मध्ये प्लेस्टेशन २वर या मालिकेचा पहिला भाग आणला, तेव्हा त्यांनी उलटी वाट धरली. शहर नको, एक वस्ती घेऊ. जपानी नाव ‘र्‍यू गा गोतोकु’, म्हणजे ‘ड्रॅगनसारखा’; बाहेरच्या जगात तो ‘याकुझा’ नावाने विकला गेला. (२०२२पासून इंग्रजीतही ‘लाइक अ ड्रॅगन’ हेच नाव वापरायचं ठरलं, त्यामुळे दुकानात दोन्ही नावांच्या पेट्या दिसल्या तर गोंधळू नका.) ‘झीरो’ बराच नंतरचा: जपानमध्ये मार्च २०१५, बाकी जगात जानेवारी २०१७, पीसीवर २०१८. पण त्याची कथा पहिल्या भागाच्या आधी घडते, १९८८च्या डिसेंबरात.

वस्तीचं नाव कामुरोचो. हे काल्पनिक आहे, पण नकाशा ठेवून तुलना केलीत तर टोकियोच्या शिंजुकू भागातलं काबुकिचो समोर येतं. प्रवेशाची लाल दिव्यांची कमान तिथलीच, मधला चौक तिथला, आणि एका कोपऱ्यात पाच-सहा खुर्च्यांचे बार दाटीने भरलेली ‘गोल्डन गाई’ नावाची जी बोळांची जाळी आहे, तिचीही नक्कल गेममध्ये आहे. काबुकिचो हे नावसुद्धा मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात हा भाग जळून गेला, पुन्हा उभारताना तिथे काबुकी नाटकांचं थिएटर बांधायचं ठरलं, म्हणून नाव ठेवलं काबुकिचो. थिएटर कधी झालंच नाही. नाव राहिलं आणि त्याखाली बार, कॅबरे आणि कर्जवसुलीवाले आले.

या वस्तीत गेममध्ये चालायचं. गाडी नाहीच. आणि चालायचं म्हटलं की दिसणाऱ्या गोष्टी बदलतात. रामेनच्या दुकानाबाहेर लावलेला मेन्यू दिसतो. ओल्या रस्त्यात पाट्यांचे दिवे सांडलेले असतात. दारात उभा माणूस ओरडून आत बोलावतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला मॅप बघायची गरज उरत नाही. ‘त्या औषधाच्या दुकानावरून डावीकडे’ असं आपण आपल्या गल्लीत चालतो तसे चालायला लागतो. शंभर चौरस किलोमीटरच्या गेममध्ये मला हे कधी झालं नाही. तिथे मी नेहमी नकाशातल्या रेषेमागे गाडी नेतो.

मालिकेतल्या जवळजवळ प्रत्येक भागात हीच वस्ती परत येते. १९८८, २००५, २००६, २००९... दुकानं बदलतात, फोनबूथ जातात, मोबाइल येतात, नायक म्हातारा होत जातो. टीका करणारे म्हणतात, कंपनीने जुनाच माल परत विकला. खर्च वाचवण्याचा हेतू आहेच, त्याशिवाय जवळपास दरवर्षी एक भाग काढणं जमलं नसतं. पण एकाच नाक्यावर तीस-पस्तीस वर्षं उभं राहण्याचा अनुभव दुसऱ्या कुठल्या गेमने दिलाय, ते मला आठवत नाही.

आता कथा. विशीतला किर्‍यू काझुमा हा दोजिमा टोळीतला अगदी खालचा पोरगा. एका माणसाकडून कर्ज वसूल करायला जातो, त्याला एका रिकाम्या जागेत बदडतो आणि निघून जातो. नंतर त्याच जागी तो माणूस गोळी लागून मेलेला सापडतो. आळ किर्‍यूवर. बरं, जागा म्हणजे किती? इमारतींच्या पाठीमागे राहिलेला एवढासा उघडा तुकडा. पण संपूर्ण कामुरोचोचा पुनर्विकास त्या तुकड्यापाशी अडलाय. मालक कोण ते कुणाला माहीत नाही. टोळीच्या म्होरक्याने जाहीर केलंय की जो ही जागा मिळवेल त्याला वरची गादी. तीन उपम्होरके एकमेकांच्या उरावर बसलेत.

तळहाताएवढ्या जमिनीसाठी एवढं रक्त? हे समजायला त्या वर्षांचं अर्थकारण थोडं समजून घ्यावं लागतं. सप्टेंबर १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर स्वस्त करायचं ठरवलं. त्याआधी डॉलरला सुमारे २४० येन मोजावे लागत, दोनेक वर्षांत ते दीडशेच्याही खाली आले. जपानी माल परदेशात महाग झाला, निर्यातदार कळवळले. त्यांना आधार म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवत फेब्रुवारी १९८७मध्ये अडीच टक्क्यांवर आणला. पैसा स्वस्त झाला. तो कारखान्यात कमी आणि जमिनीत जास्त गेला. जमीन तारण ठेवायची, कर्ज काढायचं, त्यातून आणखी जमीन घ्यायची. भाव वाढला की तीच जमीन परत तारण, आता जास्त कर्ज. जमिनीचा भाव कधी पडत नाही, या समजुतीला जपानीत शब्दच आहे: ‘तोचि शिनवा’, जमिनीची दंतकथा.

या चक्रात एक दगड होता. जपानी कायद्यात भाडेकरूला भक्कम संरक्षण होतं, जुना दुकानदार सहजी हलत नसे. आणि मोठी इमारत उभी करायची तर लहान लहान तुकडे एकत्र करावे लागतात. त्यासाठी जागा ‘मोकळी करून देणारे’ दलाल आले, त्यांना म्हणत ‘जिआगेया’. रात्री-अपरात्री फोन, दारात राडा, धमक्या. बरेच जण टोळ्यांशी जोडलेले. जो शेवटचा तुकडा अडून राहतो त्याची किंमत त्याच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, त्याने अडवलेल्या प्रकल्पावर ठरते. गिरणगावाची कहाणी ऐकून वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

गेममध्ये हा फुगा कुणी भाषण करून सांगत नाही. तो हाताला कळतो. रस्त्यात गुंड अडवतात, किर्‍यू ठोसा मारतो आणि त्या गुंडाच्या अंगातून नोटा उडतात. अक्षरशः. प्रत्येक मोठ्या फटक्याला पैशांचा फवारा. पुढे त्याच पैशाने तुम्ही नवे डाव शिकता, म्हणजे स्वतःतच गुंतवणूक करता. मारामारीचा कंटाळा आला तर खिशातून नोटांचा गठ्ठा काढून हवेत उधळायचा. गुंड नोटा गोळा करायला वाकतात आणि तुम्ही निघून जाता. कोट्यवधी येन खिशात घेऊन फिरायला लागलात की एखाद्या गल्लीत अवाढव्य अंगाचा एक राक्षस भेटतो. त्याने लोळवलं तर खिशातलं सगळं गेलं. तुम्ही त्याला लोळवलंत तर त्याचंही तुमचं. १९८८चं टोकियो मला यापेक्षा थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

पण गेमचा जीव मुख्य कथेइतकाच फुटकळ गोष्टींत आहे. त्यांना ‘सबस्टोरी’ म्हणतात. अशा शंभर आहेत. एक सांगतो.

किर्‍यू रस्त्याने जात असतो. एका पोराने रांगेत उभं राहून नवाकोरा व्हिडिओ गेम घेतलेला असतो आणि कुणीतरी तो हिसकावून नेतो. किर्‍यू चोराला गाठतो. चोर म्हणतो, माझ्याकडून दुसऱ्याने हिसकावला. दुसऱ्याला गाठावं तर त्याच्याकडूनही कुणी नेलेला. शेवटी तो डबा ज्याच्या हातात सापडतो तो निघतो त्या पोराचाच बाप. पोराला गेम हवा होता, दुकानात मिळाला नाही, म्हणून बापाने हा मार्ग धरला. आता उभे आहेत दोघं समोरासमोर. किर्‍यूचा चेहरा जराही हलत नाही. तो या गोष्टीकडेही टोळीयुद्धाइतक्याच गांभीर्याने बघतो, आणि आपल्याला हसू येतं ते त्यामुळेच. यामागे खरी गोष्ट आहे: फेब्रुवारी १९८८मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ आला तेव्हा जपानमध्ये दुकानांबाहेर प्रचंड रांगा लागल्या, मुलांनी शाळा बुडवल्या, आणि विकत घेतलेला गेम वाटेत लुटल्याचे प्रकारही झाले.

दुसरं एक उदाहरण फक्त उल्लेखापुरतं. बोलिंगमध्ये सलग तीन स्ट्राइक पाडले तर त्याला ‘टर्की’ म्हणतात. ते जमलं की बक्षीस म्हणून एक जिवंत कोंबडी मिळते. पुढे ती तुमच्या जमीनजुमल्याच्या धंद्यात मॅनेजर म्हणून लागते. मी तिला माझ्या सर्वांत किमती भागात नेमलं होतं.

कॅराओके, डिस्को, बेसबॉलचा सराव, माजाँग, शोगी, खेळण्यातल्या मोटारींच्या शर्यती, सेगाचे जुने आर्केड गेम, हे सगळं मॅपवर आहे, आणि प्रत्येकासाठी दहा पावलं चालावं लागतं. (यातलं ‘बाका मिताई’ हे रडवं कॅराओके गाणं २०२०मध्ये मीम होऊन सगळ्यांच्या फोनवर आलं होतं. गेमचं नाव न कळता ते गाणं पाठ असलेले लोक मी पाहिलेत.)

दुसरा नायक माजिमा गोरो. एका डोळ्यावर पट्टी, ओसाकाच्या दोतोनबोरीवरून बेतलेल्या सोतेनबोरी या वस्तीत एका आलिशान कॅबरेचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे प्रत्यक्षात कैदी. त्याची ओळख करून देणारा प्रसंग गेममधला सर्वोत्तम आहे असं माझं मत. एक गिऱ्हाईक मुलीच्या अंगचटीला येतोय, आरडाओरडा करतोय. माजिमा अदबीने वाकतो, गोड बोलतो, आणि एकही ठोसा न मारता त्या माणसाला सगळ्यांदेखत असा नमवतो की बाकीची गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतात. मग त्याला हुकूम येतो: माकिमुरा माकोतो नावाच्या इसमाला संपव, तुझी सुटका. तो शोधत जातो आणि समोर येते एक आंधळी तरुणी. इथून पुढे मी काही सांगत नाही.

मारामारीचं तंत्र सोपं आहे. प्रत्येक नायकाला तीन पद्धती, भिडत असतानाच एका बटणाने बदलायच्या. किर्‍यूची एक साधी, एक चपळ, तिसरी अंगावर जाणारी, ज्यात जवळची सायकल उचलून समोरच्याच्या डोक्यात घालतो. माजिमाकडे बेसबॉलची बॅट आहे आणि ब्रेकडान्सही. पहिले दहा तास हे फार आवडतं.

आणि नंतर? इथून उणिवा सुरू होतात, आणि बहुतेक त्याच एवढ्याशा मॅपच्या पोटी. वस्ती लहान, त्यामुळे त्याच चार गल्ल्यांतून तुम्ही शेकडो वेळा जाता. दर वेळी तेच गुंड, तीच शिवी, तीच तीस सेकंदांची मारामारी. विसाव्या तासाला आपण गुंड दिसला की रस्ता ओलांडायला लागतो. अरुंद जागेत कॅमेरा भिंतीला चिकटतो. मोठ्या शत्रूंचा जीव किती उरलाय ते दाखवणाऱ्या पट्ट्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे अवघड वाटण्याऐवजी लांबलेलं वाटतं. कुझे नावाचा एक म्हातारा उपम्होरका तर पाच वेळा लढायला येतो. (खरं सांगायचं तर पाचव्या वेळी मला तो आवडायला लागला होता. पण तो त्याचा गुण, पट्टीचा नव्हे.)

गेम सेव्ह करायचा तर फोनबूथ गाठावा लागतो. काळाला साजेसं आहे, पण एखादा लांबलचक भाग सुरू असताना कुकर लावलेला असेल तर पंचाईत. किर्‍यूच्या जमिनीच्या धंद्यात वसुलीची वेळ यायची वाट बघत नुसतं फिरावं लागतं. माजिमाचा कॅबरे चालवायचा भाग त्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे. कथेची मांडणीही विस्कळीत. काही प्रसंग सिनेमासारखे पूर्ण हलते, काहींत चित्रं जवळजवळ स्थिर, काही ठिकाणी नुसते उभे पुतळे आणि खाली मजकूर. मूळ आवृत्तीत बोलणं फक्त जपानीत, सबटायटल इंग्रजीत, आणि नावं भराभर येतात. सोफ्यावर आडवं पडून अर्ध्या लक्षाने खेळायचा हा गेम नाही.

बायकांच्या बाबतीत गेमचा हात फार आखडलेला आहे. माकोतो हे पात्र लिहिलंय ताकदीने, पण तिच्याभोवती सगळे पुरुष तिच्यासाठी निर्णय घेत राहतात. बाकी बायका बहुतेक बारमध्ये, फोनच्या पलीकडे किंवा गोळा करायच्या टेलिफोन कार्डांवर, कमी कपड्यांत. तो काळच तसा होता हे उत्तर मला अर्धंच पटतं. काळ दाखवणं वेगळं आणि कार्डं जमवायला बक्षीस ठेवणं वेगळं. अशी टीका निर्मात्यांपर्यंत पोहोचते, हेही नोंदवायला हवं. तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती काढताना त्यांनी एका पारलिंगी पात्राची टिंगल करणारी जुनी उपकथा काढून टाकली.

सर्वांत मोठी अडचण मात्र नायकाचीच. किर्‍यू गुन्हेगार आहे, पण तो गुन्हा करताना दिसतच नाही. पहिली कर्जवसुली झाली की त्यानंतर तो हरवलेल्या वस्तू शोधतो, फसलेल्यांना सोडवतो, गुंडांना वळण लावतो. कथा ठामपणे सांगते की त्याने कधी कुणाचा जीव घेतलेला नाही. मग एका हायवेवरच्या पाठलागात तो पिस्तुलाने मागच्या गाड्यांच्या ठिकऱ्या उडवतो, आणि त्यानंतरही कथेचा दावा तोच! चाहत्यांनी याचा केव्हाच विनोद करून टाकलाय.

विनोदाच्या पलीकडे मुद्दा असा, की गेममधले याकुझा शब्दाला जागतात, एकमेकांसाठी रडतात, अंगावरचा शर्ट फाडून पाठीवर गोंदलेला ड्रॅगन दाखवतात. खऱ्या टोळ्यांचा पैसा खंडणीतून, जुगारातून, अमली पदार्थांतून आणि लोकांना घराबाहेर काढण्यातून येत होता. १९९२मध्ये जपानमध्ये टोळीविरोधी कायदा लागू झाला, आणि २०११पर्यंत सगळ्या प्रांतांत असे नियम आले की टोळीशी व्यवहार करणारा व्यापारीही अडचणीत येऊ लागला. टोळीवाल्याला बँक खातं उघडणं, घर भाड्याने घेणं, मोबाइल घेणं अवघड झालं. साठच्या दशकात एक लाख ऐंशी हजारांवर गेलेली टोळीवाल्यांची संख्या आता वीस हजारांच्या आसपास आहे. गेमला हे माहीत आहे. पुढच्या भागांत ही उतरती कळा कथेचाच विषय होते. पण ‘झीरो’ १९८८च्या लखलखाटात उभा आहे. तो जमिनीच्या हव्यासावर बोट ठेवतो, आणि ते बोट ज्याच्या हाताचं, त्या टोळीवाल्याला मात्र देवमाणूस करून ठेवतो.

जीटीए याच्या बरोबर उलट वागतो. तिथे तुम्ही गुन्हे करता आणि गेम सगळ्यांची टर उडवतो, कुणावर जीव लावत नाही. याकुझा सगळ्यांवर जीव लावतो, त्यामुळे त्याला कुणालाही खरोखर दोषी धरता येत नाही. मला दुसऱ्या प्रकारची चूक जास्त सहन होते, पण ती चूक आहे.

सुरुवात कुठून करायची? ‘झीरो’पासूनच. मुख्य कथा तीसेक तासांत होते, कोंबडीच्या नादी लागलात तर शंभर तासही कमी पडतात. पहिले दोन तास मालिका बघतोय असं समजून बसा. मारामारीचा वीट आला तर अवघडपणाची पातळी खाली आणा, कुणी विचारत नाही. आणि संपल्यावर लगेच ‘किवामी’ घ्या, म्हणजे पहिल्या भागाची नव्याने केलेली आवृत्ती. त्याच कमानीखालून २००५मध्ये आत शिरा आणि ती एवढीशी रिकामी जागा शोधायला जा. तिथे आता काय उभं आहे ते बघायला मान वर करावी लागते.